मलाक्का की जॉर्जटाउन? दोघांच्या बेताच्या बजेटसाठी

मलेशियाला जायचंय, दोघंच, खिसा बेताचा, आणि मॉलपेक्षा जुनं शहर बघायची हौस. मग दोन नावं समोर येतात: मलाक्का आणि पेनांग बेटावरचं जॉर्जटाउन. युनेस्कोने २००८ मध्ये दोघांना एकाच नोंदीत जागतिक वारसा यादीत घेतलं, आणि फोटोंतही दोन्ही बरीचशी सारखी दिसतात. राहायला गेलं की फरक कळतो. माझं मत आधीच सांगते: तीन रात्री असतील तर जॉर्जटाउन, एकच असेल तर मलाक्का.

पोचायला मलाक्का सोपं. क्वालालंपूरच्या विमानतळावरूनच थेट बस मिळते, शहरात शिरायचीही गरज नाही. जॉर्जटाउनसाठी क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्थानकाहून ईटीएस या वेगवान रेल्वेने बेटासमोरच्या किनाऱ्यावरचं बटरवर्थ गाठायचं, त्यात चारएक तास जातात, मग फेरी. फेरी मात्र स्वस्त आणि मजेची. पलीकडे उतरलं की लिटल इंडिया चालत जाण्याजोगं. रात्रीची बस धरून एका मुक्कामाचे पैसे वाचवायचा मोह होतो, पण भल्या पहाटे कुणी खोली उघडून देत नाही, हे धरून चाला.

इतिहासाच्या बाबतीत मलाक्काचं पारडं जड, आणि आपल्यासाठी तर जास्तच. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. १६४१ मध्ये डच आले, १८२४ च्या करारानंतर कायमचे इंग्रज. सेंट पॉल टेकडीवरच्या पडक्या चर्चच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. कोकणातल्या माणसाला त्या परक्या वाटतच नाहीत. ख्रिस्ती संत फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ मध्ये इथे पुरला होता, मग गोव्याला नेला. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये ठेवलाय तोच. चर्चसमोरच्या त्याच्या पुतळ्याला उजवा पंजा नाही; झाड पडून तुटला म्हणतात. मूळ देहाचा उजवा हातही १६१४ मध्ये कापून रोमला पाठवला होता, त्यामुळे गाइड लोकांना रंगवायला आयती गोष्ट मिळालीय. टेकडी चढायला तिकीट नाही.

खाली लाल रंगाचं स्टॅडथाइस, म्हणजे डचांची जुनी सरकारी कचेरी, शेजारी १७५३ चं ख्राइस्ट चर्च, मागच्या बाजूला पोर्तुगीज किल्ल्याचा उरलेला दरवाजा. अर्ध्या दिवसात पायी सगळं उरकतं. आणि इथेच मलाक्काची गोची होते. जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार भरतो शुक्रवार ते रविवार, आणि नेमकी तेव्हाच सिंगापूर-क्वालालंपूरची गर्दी लोटते, खोल्यांचे भाव चढतात. आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर खोली स्वस्त, पण संध्याकाळी बरीच दुकानं बंद. कर्कश गाणी लावून फिरणाऱ्या सजवलेल्या सायकलरिक्षा मात्र काही सुटत नाहीत.

जॉर्जटाउन १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने वसवलं. म्हणजे वयाने धाकटं, पण आजही लोक राहतात, धंदा करतात असं गाव. मशीद, मारिअम्मन देऊळ, चिनी कुळांची देवळं एका फेरीत होतात. खांबांवर उभ्या लाकडी घरांच्या जेट्टी आणि भिंतींवरची चित्रं बघायला पैसे लागत नाहीत. जुन्या भागातून फिरणारी कॅट बसही फुकट. तिसऱ्या दिवशी २०४ नंबरची बस धरून पेनांग हिल. कंटाळा यायला जागा नाही.

शाकाहारी जोडप्याने तर दुसरा विचारच करू नये. लिटल इंडियात इडली-डोसा आणि केळीच्या पानावरचं जेवण परवडतं. मलाक्कातही भारतीय खानावळी आहेत, पण निवड कमी. दोन्हीकडे भाजीच्या डिशमध्येही बेलाचान, म्हणजे आंबवून वाटलेली कोळंबी, असू शकते. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 素 हे अक्षर लावलेली चिनी उपाहारगृहं बौद्ध पद्धतीची शाकाहारी असतात, तिथे निर्धास्त जेवा. मांसाहारींना मलाक्काच्या पोर्तुगीज वस्तीतली व्हिनेगर घातलेली डेव्हल करी खुणावेल. गोव्याच्या विंदालूची ती लांबची बहीण.

खोल्या दोन्हीकडे जुन्या दुकानघरांत. घर पुढून अरुंद, आत लांबलचक, त्यामुळे मधल्या स्वस्त खोल्यांना खिडकीच नसते. बुक करताना 'खिडकी' हा शब्द शोधा, आणि बाथरूम खोलीत आहे की जिन्याखाली, तेही. डॉर्ममधल्या दोन खाटांच्या भाड्यात बहुधा थोडीच भर घालून दोघांची वेगळी खोली मिळते, म्हणून आधी हिशेब करून बघा. परदेशी पाहुण्यांना खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर पडतो. तो बऱ्याचदा ॲपवरच्या भाड्यात नसतो, काउंटरवर मागतात.

चार रात्री जमत असतील तर विमानतळावरून आधी मलाक्का, तेही गुरुवारी. शुक्रवारी सकाळी क्वालालंपूरमार्गे पेनांग. ईटीएसचं तिकीट मात्र घरूनच काढा, शुक्रवारच्या गाड्या लवकर भरतात.