तारा फुकट, पिकअप बनावट

बेस गिटारचा पिकअप (तारांखालचा मॅग्नेट आणि कॉइलचा, म्हणजे बारीक तारेच्या गुंडाळीचा भाग, जो तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो) बदलून घ्यायच्या विचारात असाल तर आधी माझी फजिती वाचा. मला ज्याने गंडवलं त्याचं नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर सांगतो.

माझा बेस जुना, सेकंडहँड घेतलेला. पिकअप दोन तुकड्यांचा, म्हणजे फेंडर या गिटार कंपनीने १९५७ साली प्रिसिजन बेसमध्ये आणलेली रचना: एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी खाली. आवाज दबका येत होता. दुरुस्तीवाल्याने दोन सूर वाजवले आणि निदान केलं, "मॅग्नेट मेलेत, दादा." आता मला माहीत आहे की अल्निको या मिश्रधातूचे मॅग्नेट नुसते वाजवून वाजवून असे मरत नाहीत. पण तेव्हा मी मान डोलावली.

त्याने नवा पिकअप दाखवला. तळाला नामांकित कंपनीचं स्टिकर, आणि वर "अस्सल अल्निको फाइव्ह" अशी ग्वाही. मल्टिमीटर लावून रेझिस्टन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, ११ किलोओहम हा आकडा दाखवला. जितके ओहम जास्त तितका आवाज दमदार, असं त्याचं म्हणणं. खरं तर या जातीच्या पिकअपचा रेझिस्टन्स साधारण १० ते ११ किलोओहम असतोच, आणि कॉइलला ४२ ऐवजी ४३ गेजची, म्हणजे आणखी बारीक, तार वापरली तर कमी वेढ्यांतही तोच आकडा येतो. मीटरला आवाज कळत नाही, कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स तेवढा कळतो. जुना पिकअप काढण्याआधी त्यालाही मीटर लावा, एवढं म्हणायचं मला सुचलं नाही. तो १० किलोओहमच्या आसपास निघाला असता तर कॉइल शाबूत आहे हे तिथेच कळलं असतं.

जुना पिकअप त्यानेच ठेवून घेतला आणि बिलातून थोडी रक्कम कमी केली. वर "तुमच्यासाठी" म्हणून ताराही नव्या घालून दिल्या, फुकट. मी भारावलो.

बेस अँपला लावला आणि काय आवाज! खणखणीत, मोठा, ई तार छातीत घुमणारी. पैसे देऊन मी जवळजवळ नाचतच बाहेर पडलो.

महिनाभरात तारांना घाम लागला, मळ बसला, आणि ती खणखण गेली. मधल्या काळात मी जरा जोरात वाजवलं की तार पिकअपवर आपटून टकटक व्हायची, म्हणून स्क्रू फिरवून तो खाली उतरवला. मोठेपणाही गेला. उरला तो पुन्हा दबका आवाज, आणि वर एक नवी गुणगुण, जी आधी कधीच नव्हती. फोन केला तर उत्तर आलं, "घरचं अर्थिंग बघा." अर्थिंग तपासून घेतलं. ठीक होतं.

मग पिकअप उघडला. अल्निकोच्या या पिकअपमध्ये तारांखालचे खांबच मॅग्नेट असतात. इथे खांब साध्या लोखंडाचे आणि तळाला चिकटवलेली काळपट सिरॅमिकची पट्टी. सिरॅमिक वाईटच असतं असं नाही, पण अल्निको म्हणून विकलं तर ती लबाडीच. स्टिकर नखाने सोलून निघालं. होकायंत्र जवळ नेलं तेव्हा गुणगुणीचाही उलगडा झाला: दोन्ही तुकड्यांच्या वरच्या बाजूला एकच ध्रुव. खऱ्या जोडीत एका तुकड्याचा ध्रुव दुसऱ्याच्या उलट असतो आणि जोडणीतून कॉइलची दिशाही उलट येते, म्हणून बाहेरची गुणगुण एकमेकांत विरते आणि तारांचा सूर मात्र टिकतो. मला मिळाले होते एकाच बाजूचे दोन सारखे तुकडे, आणि दोन्ही एकाच दिशेने जोडलेले.

म्हणजे त्या दिवशी मी ऐकलं काय? नव्या तारा आणि वर चढवलेला पिकअप. बस. माझ्या जुन्या पिकअपवर मी तीन वर्षं त्याच त्या जुन्या तारा वाजवत होतो आणि दोष मॅग्नेटला देत होतो! नुसत्या तारा बदलून, स्क्रूचे दोन-चार आटे फिरवून पाहिलं असतं तर बहुधा दुकानाची पायरीच चढावी लागली नसती. तुलना करायचीच असेल तर जुन्या पिकअपवर नव्या तारा चढवून, तारेपासूनचं अंतर मोजून, वाजवून रेकॉर्ड करा. मग नवा पिकअप त्याच तारांखाली, तेवढ्याच अंतरावर बसवून ऐका. काढलेल्या पिकअपचा तळाकडून फोटो घ्या आणि तो खिशात घालूनच घरी या, कितीही "मेलेला" असो.

मी बिल घेऊन भांडायला गेलो. बिलावर लिहिलं होतं: "पिकअप बदलणे, १ नग". कंपनी नाही, मॉडेल नाही, अल्निकोचं नावही नाही. त्याने ते शांतपणे माझ्याकडे परत सरकवलं. मी म्हटलं, ठीक आहे, पैसे राहू द्या, निदान माझा जुना पिकअप तरी द्या.

"तो होय? तो तर त्याच आठवड्यात एकाने नेला," तो म्हणाला. "चांगला माल होता."