खोक्यातला गहू की चक्कीवरचा दलिया? इंदूरच्या न्याहारीसाठी दोन्हींचा हिशेब

घरात कुणाची शुगर वाढली किंवा डॉक्टरांनी ‘जेवणात फायबर वाढवा’ म्हटलं, की इंदूरच्या मराठी घरांत पहिली गदा येते ती पोहे-जिलेबीवर. मग दुकानातून गव्हाच्या साध्या फ्लेक्सचं खोकं येतं. ते आणण्याआधी एक प्रश्न विचारावा असं मला मनापासून वाटतं: गहूच खायचा आहे, तर आपल्या माळव्याचा दलिया काय वाईट? दोन्ही संपूर्ण गव्हाचेच. तरी पोटात गेल्यावर दोघांची चाल वेगळी आहे, आणि जिभेवर तर फारच वेगळी.

आधी खोकं कोणतं ते ठरवू. मी बोलतेय ते बिनसाखरेच्या, निदान नाममात्र साखरेच्या संपूर्ण गव्हाबद्दल. पुढच्या बाजूला ‘होल व्हीट’ लिहिलेलं मुलांचं चॉकलेटवालं खोकं उलटून पाहा, शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅमच्या आसपास साखर सापडेल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 50 ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे एका वाटीतच त्यातला बराच वाटा संपला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिला शब्द गहू हवा, आणि साखर, ग्लुकोज सिरप, मध हे सगळे मिळूनसुद्धा शेपटाला हवेत. मैदा दिसला तर खोकं परत ठेवा.

साध्या प्रकारातही तीन जाती आहेत. फ्लेक्स करताना गहू वाफेवर शिजवतात, रुळांखाली चपटा करतात आणि भट्टीत भाजतात. तेच चुरे साच्यात दाबले की वीटॅबिक्ससारखी वडी होते. ब्रिटनमधल्या या वडीत 95 टक्के संपूर्ण गहू असतो, बाकी बार्लीचं माल्ट, थोडी साखर, मीठ आणि वरून घातलेलं लोह नि ब जीवनसत्त्वं. तिसरी जात श्रेडेड व्हीटची. अमेरिकेत हेन्री पर्की यांनी 1893 मध्ये ती बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. उकडलेल्या गव्हाचे बारीक तंतू काढून त्यांची उशी करतात, आणि साध्या प्रकारात गव्हाशिवाय काहीच नसतं. आयात मालाच्या दुकानात ती दिसली आणि खिशाला झेपत असेल तर खोक्यांमध्ये माझी पसंती तिला.

आता आकडे. वीटॅबिक्सच्या दोन वड्या म्हणजे साडेसदतीस ग्रॅम: 136 कॅलरी, 3.8 ग्रॅम फायबर, 4.5 ग्रॅम प्रथिनं आणि दीड ग्रॅमच्या थोडी वर साखर. चाळीस ग्रॅम कोरडा दलिया, म्हणजे अर्ध्या वाटीहून कमी, साधारण साडेचार ग्रॅम फायबर आणि तेवढीच प्रथिनं देतो. साखर नाही, मीठ तुम्ही घालाल तेवढंच. पोह्यांमध्ये शंभर ग्रॅममागे साडेतीन ग्रॅमच्या आसपासच फायबर असतं, त्यामुळे या एका बाबतीत दोन्ही गहू त्यांच्या पुढे आहेत. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शिफारस दोन हजार कॅलरींमागे तीस ग्रॅम फायबरची आहे. न्याहारीतून चार-पाच आले तर सुरुवात बरी झाली, पण उरलेलं भाजी-डाळीतूनच यायचं. प्रथिनांचं खरं काम दोन्हीकडे दूध करतं. एका पेल्यातून सहा-सात ग्रॅम मिळतात.

एवढ्यावरून दोघं सारखेच वाटतील. फरक पडतो तो दाणा किती मोडला आहे त्याने, आणि शुगरवाल्यांसाठी हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. वाफवून, चेपून, भाजलेल्या गव्हातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, आधीच उघडं पडलेलं असतं. पाचक रस त्यावर झटकन काम करतात आणि रक्तातली साखर लवकर चढते. पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते ते ग्लायसेमिक इंडेक्स सांगतो; शुद्ध ग्लुकोजचा तो शंभर धरतात. गव्हाच्या वड्यांचा आणि श्रेडेड व्हीटचा सत्तरच्या घरात मोजला गेलाय. दलियाचा भाऊबंद बुलगुर, म्हणजे उकडून फोडलेला गहू, पन्नासच्या आत-बाहेर राहतो. तुकडा जाड, म्हणून पचायला वेळ लागतो. ‘संपूर्ण धान्य’ हे शब्द दोन्ही पाकिटांवर खरेच आहेत, पण त्यांवरून हा फरक कळत नाही. शुगर असेल तर दलियाच घ्या, आणि तोही जाड. अगदी बारीक, रव्यासारखा दलिया घेतला तर हा फायदा कमी होतो.

लोहाच्या बाबतीत मात्र खोक्याची बाजू जरा वर. वरून लोह घातलेल्या खोक्यात शंभर ग्रॅममागे बारा मिलिग्रॅमपर्यंत असतं, नुसत्या गव्हात चारच्या आसपास. बायकांची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरली आहे. पण गव्हातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह अडवतं आणि न्याहारीबरोबरचा चहाही अडवतो. चहा तासभर पुढे ढकला. खाऱ्या दलियावर लिंबू पिळा, गोड दुधात पेरूच्या फोडी टाका. दोन्हीतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

चवीचं बोलू, कारण जे आवडत नाही ते चार दिवसांत माळ्यावर जातं. साधे फ्लेक्स थंड दुधातच खायचे असतात. आपल्याकडे दूध तापवून, साय धरून, कोमट द्यायची सवय. 1994 च्या सुमारास केलॉग्ज भारतात आलं तेव्हा त्यांचे कॉर्नफ्लेक्स अशाच गरम दुधात पडून लगदा व्हायचे. तुम्हाला सकाळी गार दूध सोसत नसेल, विशेषतः पौष-माघाच्या इंदुरी थंडीत, तर फ्लेक्सवर पैसे घालू नका. वडी मात्र कोमट दुधात मऊ होऊन छान लागते. दात नसलेल्या आजींना ती चालते. पहिले काही दिवस साधा गहू बेचव वाटेल. साखर न घालता बऱ्हाणपूरचं पिकलेलं केळं कुस्करा किंवा दोन खजूर चिरून टाका. मग गव्हाची स्वतःची भाजकी, किंचित दाणेदार चव पुढे येते, आणि मला ती खरंच आवडते.

तरी दलियाच्या जवळ ती जात नाही. माळव्यात कठिया, म्हणजे ड्युरम जातीच्या कडक, गव्हाचा भरडा शिजवून थुली करतात, दुधाबरोबर नाही तर कढीबरोबर खातात. मराठी घरांत तोच दलिया गुळाची लापशी होतो. चमचाभर तुपात तो गुलाबी भाजताना घरभर जो वास सुटतो तो कुठल्याच खोक्यातून येत नाही. रोजच्यासाठी मात्र मी खारा सुचवीन: मूठभर मूगडाळ, मटार, गाजर, फोडणीत कढीपत्ता, आणि ताटलीत वरून जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला. जिरावणाशिवाय इंदूरच्या माणसाची न्याहारी पुरी होत नाही, आणि पोहे सुटल्याचं दुःखही त्याने बरंच हलकं होतं. शेवेची मूठ तेवढी आवरा.

पैशांत तुलनाच नाही. किलोभर दलियाच्या किमतीत साध्या गव्हाचं अर्धा किलोचं खोकंही येत नाही. इंदूरच्या सियागंज बाजारात सुटा दलिया मिळतो, नाही तर कठिया गहू धुऊन वाळवून चक्कीवर जाड भरडून घ्या. महिनाभराचाच करा, कोंडा नि अंकुर आत असल्याने उन्हाळ्यात लवकर खवट होतो.

खोकं कुणी घ्यावं? भंवरकुआँच्या खोलीत राहून कोचिंगला धावणाऱ्या मुलांनी जरूर घ्यावं. तिथे शेगडी नाही, वेळ नाही, आणि पर्याय बहुतेक वेळा कचोरीचा असतो. पहाटेच्या ड्यूटीवाल्यांनीही घ्यावं. फक्त पाकिटावरचा तीस ग्रॅमचा हिशेब एकदा वजनकाट्यावर करून पाहा; फ्लेक्स हलके असल्याने खोलगट वाडग्यात सहज दुप्पट पडतात. ग्लूटेन वर्ज्य असलेल्यांनी मात्र दोन्हींपासून दूर राहावं. माल्टही बार्लीचंच असतं, आणि बार्लीतही ग्लूटेन असतं.

बाकी घरांनी रात्री दलिया भाजून एकाला साडेतीन पाणी घालून कुकरमध्ये तीन शिट्ट्या घ्याव्यात आणि गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी निम्म्यात दूध, निम्म्यावर फोडणी. दहा मिनिटांत दोन्ही ताटल्या तयार.