एकही अक्षर नसलेलं पुस्तक: साक्ष द्यायला कचरणाऱ्यांसाठी

तळहातावर मावेल एवढं पुस्तक. आत पाच रंग आणि अक्षर एकही नाही. 'वर्डलेस बुक' या नावाने ते अनेक मंडळ्यांना (चर्चना) माहीत आहे आणि सहसा संडे स्कूलच्या, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गाच्या, मुलांसाठी वापरतात. मी मात्र ते स्वतःसाठी घेतलं. प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष द्यायला, म्हणजे प्रभू येशूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, मला कधी अडचण आली नाही. पण मंडळीबाहेरच्या माणसापुढे प्रभूचं नाव घ्यायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटायचा नाही. अशी अडचण असणारे खूप विश्वासी मला भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वस्तूबद्दल. माझ्याकडे दोन प्रकार आहेत. पहिलं जाड पुठ्ठ्याचं, ऑनलाइन मागवलेलं. त्याचा सोनेरी कागद कोपऱ्यातून सुटायला लागला आणि पर्समध्ये जरा ओल लागली तेव्हा लाल पानाचा रंग समोरच्या पांढऱ्या पानावर उतरला. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात हे चाललं असतं, इथे नाही चालत. 'प्रभू असं शुद्ध करतो' म्हणून जे पान दाखवायचं, त्यावरच गुलाबी डाग! दुसरं फेल्टच्या कापडाचं, मधोमध शिवलेलं. ते चुरगळतं, पण रंग सोडत नाही आणि उघडलं की सपाट बसतं, त्यामुळे एका हाताने धरून दाखवता येतं. घ्यायचं तर शिवलेलंच घ्या.

या पुस्तकाची हकीकत मला रंगांइतकीच मोलाची वाटते. 11 जानेवारी 1866 रोजी लंडनच्या मेट्रोपॉलिटन टॅबर्नेकल या चर्चमध्ये प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी आपल्या संदेशात एका वृद्ध पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची) गोष्ट सांगितली. त्याच्याकडे तीनच पानांचं पुस्तक होतं: काळं, लाल, पांढरं. काळ्यात तो स्वतःचं पाप बघायचा, लालमध्ये ख्रिस्ताचं रक्त आणि पांढऱ्यात मिळालेलं नीतिमत्त्व. संदेश बायबलमधल्या स्तोत्र 51 वर होता, 'मला धू म्हणजे मी बर्फाहून शुभ्र होईन' या विनवणीवर. पुढे 1875 मध्ये अमेरिकन सुवार्तिक डी. एल. मूडी यांनी स्वर्गासाठी सोनेरी पान जोडलं. विश्वासात वाढण्याचं हिरवं पान त्यानंतरचं, आणि 1937 मध्ये स्थापन झालेल्या चाइल्ड इव्हँजेलिझम फेलोशिप या मुलांना ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या संस्थेने पाच रंगांचं हे पुस्तक मुलांपर्यंत नेलं.

पण मूळ गोष्टीतला म्हातारा पाळक ते पुस्तक कोणाला दाखवत नव्हता, स्वतःच पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. मीही तिथूनच सुरुवात केली. सकाळच्या प्रार्थनेत एकेक पान उघडायचं आणि त्यावर आपल्या आयुष्यातलं काय आहे ते मोठ्याने बोलायचं. पाठ केलेली वाक्यं नकोत. काळ्या पानावर माझा कोणता राग, कोणता खोटेपणा? लाल पानावर मला नेमकी कशाची क्षमा मिळाली? हे रोज बोलत गेल्यावर लक्षात आलं की सांगायला माझ्याकडे भरपूर आहे, फक्त ते कधी ओठांवर आणलं नव्हतं.

'मला शास्त्र कुठे एवढं येतं' ही सबब हे पुस्तक काढून घेतं. योहान 9 मध्ये येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसाने परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, साधं उत्तर दिलं. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. तेवढं आपल्यालाही सांगता येतं. दुसरी भीती मात्र कुठल्याच पुस्तकाने जात नाही: समोरची व्यक्ती संबंध तोडेल का, हसेल का, मागून काय बोलेल. त्यासाठी प्रार्थनेत गुडघेच टेकावे लागतात. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडल्यावर मंडळीने संकट टळावं म्हणून नव्हे, तर धैर्याने बोलता यावं म्हणून प्रार्थना केली (प्रेषितांची कृत्ये 4). प्रत्यक्ष प्रभूबरोबर राहिलेल्यांनाही धैर्य मागून घ्यावं लागलं, हे वाचून मला फार आधार वाटतो.

एकदा स्टेपलर शोधताना माझ्या टेबलावरच्या वस्तू चाळत सहकारी मैत्रिणीने हे पुस्तक उचललं. "अगं, यात काही लिहिलेलंच नाही!" मी म्हटलं, "माझ्या विश्वासाबद्दल आहे. सांगू का? नको वाटलं तर राहू दे." ती खुर्ची ओढून बसली. काळ्या पानावर मी सख्ख्या बहिणीशी धरलेल्या अबोल्याबद्दल सांगितलं आणि लाल पानावर, क्षमा आधी मला मिळाली म्हणून मला ती तिला करता आली, हे सांगितलं. मैत्रिणीने पान उलटून पुन्हा काळ्यावर आणलं आणि त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे पान माझ्याकडेही आहे." मग ती बराच वेळ बोलली आणि मी ऐकलं. पांढऱ्या पानापर्यंत आम्ही त्या दिवशी पोचलो नाही. तिने विश्वास ठेवला असं नाही, पण आता अधूनमधून "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हणते. माझ्या दृष्टीने पुस्तकाचं काम झालं. पुढचं काम पवित्र आत्म्याचं.

उणिवा आहेत. सर्वांत मोठी म्हणजे येशूच्या रिकाम्या कबरेसाठी वेगळं पान नाही. लाल पानावर वधस्तंभ सांगून माणूस घाईने पांढऱ्यावर जातो आणि तिसऱ्या दिवसाचं पुनरुत्थान राहूनच जातं, तेही 1 करिंथ 15 मध्ये प्रेषित पौलाने ते सुवार्तेच्या (ख्रिस्ताच्या शुभवार्तेच्या) गाभ्यातच ठेवलेलं असताना. मी लाल पान उलटण्याआधी थांबून ते सांगतेच. दुसरं, काळा रंग. ज्याला त्वचेच्या रंगावरून आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलंय, त्याच्यापुढे काळं म्हणजे पाप असं कधीही म्हणू नका. अंधार म्हणा. बायबलही प्रकाश आणि अंधाराचीच भाषा बोलतं.

क्रमाबद्दलही माझं ठाम मत आहे. जुना क्रम काळ्यापासून सुरू होतो, मुलांसाठीच्या आवृत्त्या सोनेरीपासून. मोठ्यांशी बोलतानाही सोनेरी पान आधी घ्यावं. देवाने आपल्यावर प्रीती केली हे कानावर पडण्याआधीच 'तू पापी आहेस' ऐकायला कोण बसेल?

आणि ज्यांना हे पुस्तक खिशातून काढून बसमध्ये शेजारच्याच्या तोंडासमोर धरायचं आहे, त्यांनी ते घेऊ नये. 1 पेत्र 3:15 विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतं आणि तेही सौम्यतेने. लहान मुलांना त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय दाखवू नका. आजारी किंवा अडचणीत असलेल्या माणसाला आधी मदत करा, आणि त्या मदतीवर सुवार्ता ऐकण्याची अट घालू नका.

बायबल अभ्यासाची जागा हे घेत नाही. पण 'मला बोलताच येत नाही' म्हणणाऱ्या विश्वासणाऱ्याने शिवलेली प्रत घ्यावी, आधी घरी एकट्याने उघडावी आणि मग टेबलावर सहज दिसेल अशी ठेवावी. पांढऱ्या कापडावर धूळ लवकर बसते, तेव्हा एखादी छोटी कापडी पिशवीही सोबत ठेवा.