मनःस्थितीनुसार पुस्तक सुचवणारी सेवा

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ज्या वडोदऱ्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले, तेथील वाचकाने ग्रंथालयाकडून थोडे अधिक अपेक्षिणे स्वाभाविकच आहे. दांडिया बाजार परिसरातील एका लहान मराठी वाचनालयाची ही नवी सेवा त्या अपेक्षेला बव्हंशी उतरते.

ग्रंथालयात पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण करणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा वर्गांक मिळतो. त्यातून भाषा कळते, पुढच्या अंकांवरून कादंबरी की कविता हेही समजते. परंतु पुस्तक उदास आहे की खट्याळ, संथ आहे की वेगवान, याचा पत्ता लागत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी येथील ग्रंथपालबाई प्रथम ‘अलीकडे कोणते पुस्तक आवडले, आणि त्यातले नेमके काय?’ असे विचारतात. उत्तर ‘कथानक’ असेल तर एक वाट, ‘माणसे’ किंवा ‘भाषा’ असेल तर निराळी. माझ्या आईंना आजारपणानंतर हलके, पण उथळ नसलेले काही हवे होते. बाईंनी विनोदी पुस्तकांऐवजी प्रवासवर्णन पुढे केले, आणि ती निवड अचूक ठरली.

मनःस्थितीनुसार लावलेली कपाटे मात्र तितकीशी उपयुक्त नाहीत, कारण एकच कादंबरी ‘विरह’ आणि ‘गाव’ या दोन्ही ठिकाणी शोभते, प्रत मात्र एकच असते. नोंदसूचीत प्रत्येक पुस्तकाला अनेक विषयशब्द जोडले तर ही अडचण सुटेल. वर्गणी माफक आहे. संध्याकाळी गर्दी असते, म्हणून सल्ल्यासाठी सकाळी जावे.