अकरा महिन्यांनंतर: पोमेरेनियनसाठी ब्रश घेतला, पण कामाला आला कंगवा

आमचा पोमेरेनियन कुत्रा शेरू नऊ आठवड्यांचा असताना हा स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक तारांचा ब्रश, घेतला. बटण दाबलं की तारा आत जातात आणि अडकलेले केस सुटून येतात, तोच प्रकार. महिनाभरात खूश होऊन मी पाच तारे दिले होते. ते आज मागे घेते आहे.

पाचव्या महिन्यात बटण अडकलं. आतल्या स्प्रिंगभोवती केसांची घट्ट दोरी वळली गेली होती. विक्रेत्याला फोटो पाठवले, बिल पाठवलं. उत्तर आलं की केस आत गेल्यामुळे बिघाड झालाय, हा वापरणाऱ्याचा दोष आहे, बदलून मिळणार नाही. कुत्र्याच्या केसांसाठी बनवलेल्या ब्रशमध्ये केस जाणार नाहीत तर काय जाणार? तीन वेळा लिहिलं, दोनदा फोन केला, तेच उत्तर. जास्त पैसे मोजले होते ते त्या बटणासाठीच, म्हणून फार लागलं. साधा, बटण नसलेला ब्रश घ्या. केस हाताने काढायला अर्धं मिनिटही लागत नाही.

पण हे सगळं लिहायला बसले ते बटणामुळे नाही. शेरू आठ महिन्यांचा झाला तेव्हा त्याला पहिल्यांदा ग्रूमरकडे नेलं. आंघोळ आणि नखं एवढंच सांगितलं होतं. दोन तासांनी घ्यायला गेले तर पाठ, पोट, कंबर सगळीकडे मशीन फिरवलेलं. खाली गुलाबी कातडी दिसत होती आणि तो थरथरत होता. ‘जटा झाल्या होत्या, हात लावू देत नव्हता, दुसरा इलाज नव्हता,’ असं सांगितलं. मला विचारलं नाही, फोनही केला नाही. आजही तो प्रसंग आठवला की घशाशी येतं.

घरी येऊन मी भांडायच्या तयारीतच होते, कारण रोज न चुकता ब्रश करत होते. जटा कशा असतील? मग एका मैत्रिणीने तिचा स्टीलचा कंगवा आणून दिला, एका बाजूला दाते विरळ, दुसऱ्या बाजूला दाट. डोक्यावर आणि मानेवर मशीन फिरवलेलं नव्हतं. कानामागे कंगवा घातला आणि तो जागीच थांबला. बोटांनी चाचपलं तर कातडीला चिकटून नमद्यासारखा एक घट्ट पापुद्रा होता. वरून केस रेशमासारखे. म्हणजे सहा महिने मी फक्त वरचे केस विंचरत होते.

पोमेरेनियनला केसांचे दोन थर असतात हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. पण हाताला कळलेलं नव्हतं. बाहेरचे केस लांब, सरळ, जरा राठ. आतला अंडरकोट मऊ आणि इतका दाट की ब्रशच्या तारा त्यावरून नुसत्या घसरतात. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनियातल्या मोठ्या स्पिट्झ कुत्र्यांचा हा वंश. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्समध्ये घेतलेला मार्कोसुद्धा आजच्या पोमपेक्षा बराच मोठा होता. पुढे अंग लहान होत गेलं, केस मात्र थंडीत राहणाऱ्या कुत्र्याचेच राहिले. त्यात साधारण चार ते दहा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे केस झडून मोठेपणीचे येतात. शेरूचं तोंड तेव्हा कोल्ह्यासारखं दिसायला लागलं होतं आणि आम्ही काळजीत पडलो होतो. झडलेला अंडरकोट खाली पडत नाही, आतच अडकतो. जटा होण्याचा हाच काळ, आणि नेमकं याच काळात ‘केस कमी झालेत’ म्हणून मी ब्रश पाच मिनिटांवर आणला होता.

मशीन का मारू नये, हे पशुवैद्यांनी नीट सांगितलं. अंडरकोट लवकर वाढतो, बाहेरचे केस सावकाश. मग अंग लोकरीसारखं, ठिगळ लावल्यासारखं दिसतं. पूर्ववत व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं, काही कुत्र्यांचे पूर्वीसारखे येतच नाहीत. या जातीत केस जाऊन कातडी काळी पडण्याचा एक आजारही आहे, त्यामुळे केस आले नाहीत तर तपासण्या कराव्या लागतात. ‘उकाड्यात बरं वाटतं’ हेही खरं नाही. तेच केस उन्हापासून कातडी वाचवतात. पंजे, गुदद्वाराभोवतीची जागा आणि कानांची टोकं एवढंच कातरायचं.

आता पद्धत सांगते, कारण सगळा फरक इथे पडला. कोरड्या केसांवर ब्रश फिरवायचा नाही, ते तुटतात. पाण्याचा हलका फवारा मारायचा. शेरूला कुशीवर झोपवायचं, डाव्या हाताने केस वर दाबून धरायचे, म्हणजे कातडीची एक पांढरी रेघ दिसते. त्या रेघेपासून बाहेरच्या दिशेने ब्रश, मग बोटभर वर पुढची रेघ. एक बाजू झाली की त्याच रेघांवरून कंगवा, आधी विरळ दात्यांचा, मग दाट. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता आला की ती रेघ झाली. अडकला तर ओढायचं नाही. गाठीच्या मुळाशी केस चिमटीत धरायचे, म्हणजे कातडीला ताण बसत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत यायचं. आंघोळीआधी कंगवा झालाच पाहिजे, कारण गाठ भिजली की आवळते. आंघोळीनंतर कातडीपर्यंत सुकवायचं, कोमट किंवा गार वाऱ्यावर.

आणि इथे मला ब्रशबद्दलचं मत पुन्हा बदलावं लागलं. बटण अडकलेलाच ब्रश या पद्धतीने वापरला तर काम छान करतो. तारा वाकल्या नाहीत, टोकं कातडीला टोचत नाहीत. माझी चूक मी त्याच्या माथी मारत होते. म्हणून एक नाही, तीन तारे. बटणाचा राग आहे तो आहेच.

गळपट्ट्याऐवजी हार्नेस घेतला, तो निर्णय बरोबर होता. या जातीची श्वासनलिका नाजूक असते, पट्टा ओढला गेला की हंसासारखा खोकला सुरू होऊ शकतो. पण जाकिटासारखा रुंद, अस्तर लावलेला हार्नेस घेतला तो चुकला. तो बगलेत घासतो आणि सगळ्यात वाईट जटा तिथेच होतात. आता छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा, अरुंद पट्ट्यांचा आहे. घरात आल्याबरोबर तो काढते आणि बगलेत बोटं घालून बघते.

‘हात लावू देत नव्हता’ हे ग्रूमरचं वाक्य मनात राहिलं. लोकांची सवय व्हायचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातला. लसीकरण पुरं व्हायचं होतं म्हणून शेरूला मी कडेवर घेऊन फिरवला होता: छत्रीवाली माणसं, हेल्मेटवाली, लहान मुलं, काठी टेकत चालणारे आजोबा. तो कोणावर धावून जात नाही, दारावरच्या घंटेला दोनदा भुंकतो आणि ‘बस’ म्हटलं की गप्प होतो. शू-शीचं वळणही दोन-दोन तासांनी नेऊन चौथ्या महिन्यात लागलं. पण टेबलावर उभं राहणं, पंजा दुसऱ्याच्या हातात देणं, कानाजवळ मशीनचा आवाज, याची सवय मी लावलीच नव्हती. त्याला माणसं ओळखीची होती, कंगवा धरलेले हात ओळखीचे नव्हते.

ती सवय आता लावतो आहोत. टेबलावर न घसरणारी चटई, त्यावर तो उभा राहिला की ट्रीट. एका दिवशी एकच नख. ड्रायर आधी बंदच ठेवला, मग शेजारच्या खोलीत चालू केला, दर दोन-तीन दिवसांनी एक पाऊल जवळ. ड्रायरला सात आठवडे गेले. बाबा त्याच्यासमोर बसतात आणि त्याने हनुवटी त्यांच्या तळहातावर ठेवली की मी कंगवा सुरू करते. हनुवटी उचलली की मी थांबते. हे त्याला कळलंय, म्हणून तो आता पळत नाही. बगलेच्या वेळी मात्र अजून दोन-तीनदा उचलतो.

टेबलावर त्याला एकटं सोडू नका. एवढ्या बारीक हाडांचं कुत्रं उडी मारून पुढचा पाय मोडून घेतं.

स्टीलच्या कंगव्याला पाच तारे. त्यात मोडण्यासारखं काही नाही, ब्रशच्या निम्म्याहून कमी पैशांत आला, आणि दाते गोल टोकांचे असल्याची खात्री करून घेतला तर दुसरं काही बघायला नको. पिल्लू घरी येईल त्याच दिवशी घ्या.

मशीन मारून पाच महिने झाले. अंडरकोट पूर्ण आलाय, पाठीवर लोकर घातल्यासारखी दिसते. खांद्यावर राठ केस बोटभर वाढलेत, कंबर अजून मागे आहे. काल रात्री डाव्या मांडीवर दाट दात्यांची बाजू फिरवताना नारिंगी टोकाचे चार-पाच लांब केस त्या लोकरीतून वर आलेले दिसले. बाबांना दिवा जवळ धरायला सांगून मी ते पुन्हा मोजले.