वजन उतरलं, कातडी लोंबली: व्यायाम कुठे पुरतो, शस्त्रक्रिया कुठे लागते

तीस-चाळीस किलो वजन उतरलेल्या माणसाच्या कानावर दोन सल्ले हमखास पडतात. जिममध्ये सांगतात, "मसल वाढवा, सगळं भरून येईल." बाहेर कुणी सांगतं, "आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही." दोन्ही सल्ले शरीराच्या काही भागांपुरते खरे आहेत. म्हणून निर्णय अख्ख्या शरीराचा एकदम घेऊ नका. दंडाचा वेगळा घ्या, पोटाचा वेगळा, मांड्यांचा वेगळा. प्लास्टिक सर्जन वापरतात ती पिट्सबर्ग मोजपट्टीही शरीराचे 10 भाग पाडते आणि प्रत्येकाला 0 ते 3 अशी स्वतंत्र श्रेणी देते.

आधी चिमटा घेऊन बघा

हाताच्या पंजाच्या मागची कातडी चिमटीत धरा. ती किती पातळ लागते ते लक्षात ठेवा. आता उभं राहून, पोट सैल सोडून, बेंबीखालची कातडी तशीच धरा. पापुद्र्यासारखी पातळ आणि सुरकुतलेली लागली तर ती निव्वळ सैल त्वचा. चिमटीत दोन-अडीच सेंटिमीटर जाड, गुबगुबीत काही आलं तर आत अजून चरबी आहे, आणि ती आहारानं-व्यायामानं कमी होऊ शकते. बरेच जण या चरबीलाच सैल कातडी समजून सर्जनकडे धावतात.

दुसरी तपासणी पोटाच्या स्नायूंची. उताणे झोपा, गुडघे दुमडा, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला. मधोमध दोनपेक्षा जास्त बोटं आत रुतली किंवा उभा उंचवटा फुगून वर आला, तर पोटाचे सरळ स्नायू मधून फाकलेले असू शकतात. बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये हे खूप दिसतं. अशा वेळी क्रंचेस मारत राहिल्यानं तो उंचवटा दर वेळी ताणला जातो. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

त्वचा परत का आवळत नाही? तिला मागे खेचणारे इलॅस्टिनचे तंतू वर्षानुवर्षं ताणून तुटतात आणि मोठ्या वयात ते नव्यानं जवळजवळ तयार होत नाहीत. वय, किती वर्षं जाड होता, किती किलो उतरले, तंबाखू आणि आनुवंशिकता यांवर उरलेली लवचिकता ठरते. तुमच्या आळसाशी तिचा काडीचाही संबंध नाही.

व्यायाम: दंड, खांदे, कुल्ले, मांड्या

व्यायामानं त्वचा आकसत नाही. तो खालचा स्नायू जाड करतो आणि रिकामी झालेली पिशवी थोडी भरते. त्यामुळे जिथे मोठा स्नायू आहे तिथे फरक दिसतो. कुल्ले आणि खांदे सगळ्यात छान प्रतिसाद देतात, मांडीची पुढची-मागची बाजूही बरी भरते. मांडीची आतली बाजू आणि दंडाची खालची झोळी थोडीच सुधारते. पोटावरची झोळी भरत नाही, कारण पोटाचे स्नायू कितीही कमावले तरी ते तेवढे जाड होतच नाहीत.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. छातीशी डंबेल धरून बैठक, कंबरेतून वाकून वजन उचलणं, पाठीवर झोपून कुल्ले वर उचलणं, एका हातानं डंबेल ओढणं, ओट्यावर किंवा बाकावर हात टेकून जोर, डोक्यावर वजन ढकलणं आणि दंडाच्या मागच्या स्नायूसाठी एक प्रकार. प्रत्येकाचे 8 ते 12 वेळा असे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. शेवटच्या दोन वेळा जेमतेम निघाल्या पाहिजेत. तिन्ही सेटमध्ये 12 पूर्ण झाले की हातांना 1 किलो, पायांना 2 ते 2.5 किलो वाढवा.

बिघडतं ते इथेच. दोन किलोचे डंबेल सहा महिने तेच राहतात. किंवा माणूस पन्नास-पन्नास बैठका मारतो. त्यानं दम वाढतो, पण वजन धरून दहा मारल्यावर वाढतो तसा स्नायू वाढत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे खाणं अजून उपासमारीचं असणं. शरीराला पुरेसं मिळत नसेल तर स्नायू वाढणार कशातून? रोज किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं धरा. 70 किलोच्या माणसाला ते 85 ते 110 ग्रॅम होतं. एक वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅमच मिळतात, म्हणून वरण-भातावर हा आकडा गाठता येत नाही. 50 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये सुमारे 26, 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18, तेवढ्याच चिकनमध्ये किंवा माशात 20 च्या आसपास, एका अंड्यात 6. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

मौंजारो मार्च 2025 मध्ये आणि वेगोव्ही जून 2025 मध्ये, ही भूक कमी करणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून भूकच मेल्यामुळे भराभर वजन उतरवणारे वाढले आहेत. त्यांनी औषध चालू असतानाच वजनं उचलायला सुरुवात करावी, कारण उतरणाऱ्या किलोंत स्नायूही असतो. सगळं उतरू दे, मग बघू, हा हिशोब महाग पडतो.

शस्त्रक्रिया: पोटाची झोळी

झोळी जांघेवर लोंबत असेल, घडीत वारंवार पुरळ येत असेल, चालताना ओझं जाणवत असेल, तर शस्त्रक्रियाच. तिचे प्रकार नीट समजून घ्या. पॅनिक्युलेक्टॉमीत फक्त लोंबणारा भाग कापतात. टमी टकमध्ये त्याबरोबर फाकलेले स्नायू शिवून जवळ आणतात आणि बेंबी कातडीतल्या नव्या छिद्रातून बाहेर आणतात. कंबरेभोवती सगळीकडेच कातडी सैल असेल तर पट्ट्यासारखा पूर्ण गोल छेद लागतो. व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत राहतो आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. दंडाचा व्रण काखेपासून कोपराकडे जातो आणि बिनबाह्यांच्या ब्लाऊजमध्ये दिसतो. काहींना लोंबणारा दंड चालतो पण तो व्रण नको असतो, त्यामुळे हे आधीच ठरवा. मांडीची जखम जांघेतल्या घामामुळे उसवण्याची शक्यता जास्त.

शस्त्रक्रियेनंतर पोटाच्या कातडीखालून एक-दोन नळ्या बाहेर काढून डब्याला जोडलेल्या असतात. रोज त्या डब्यातलं पाणी मोजून लिहायचं. साधारण 24 तासांत 30 मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. घाईनं काढली तर आत पाणी साचतं आणि सुईनं ओढावं लागतं. पोटावर आवळणारा पट्टा साधारण सहा आठवडे, जड उचलणं तेवढेच दिवस बंद. पहिले काही दिवस वाकून चालावं लागतं, पण चालायचंच, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

आधीची तयारी: वजन किमान सहा महिने स्थिर, बॅरिएट्रिक म्हणजे वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यानंतर 12 ते 18 महिने थांबणं. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), बी-12 आणि मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर तपासून घ्या. सिगारेटच नव्हे, गुटखा, तंबाखू आणि मिश्रीही किमान चार आठवडे आधी बंद. निकोटिननं त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो आणि टाक्यांच्या कडा काळ्या पडून मरतात. मिश्री लावणाऱ्या बायकांना हे कुणी विचारतच नाही, तर आपणहून सांगा. भूक कमी करणारी इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांनाही सांगा. मूल हवं असेल तर पोटाचं काम बाळंतपणानंतर.

आता गंमत अशी की ही थांबण्याची मुदत आणि स्नायू वाढवायला लागणारी मुदत साधारण सारखीच आहे. तो काळ वजनं उचलण्यात घालवला तर दंड-मांड्यांची शस्त्रक्रिया काहींना नकोशी होते, आणि पोटापुरतं काम उरतं.

बाकीचे उपाय

रेडिओफ्रिक्वेन्सी आणि अल्ट्रासाउंडची यंत्रं किंचित सैल त्वचेसाठी ठीक आहेत. झोळीवर पैसे वाया. कोलॅजनच्या क्रीमचे मोठे रेणू त्वचेत शिरतच नाहीत. पोटाला घट्ट धरणारा कपडा मात्र घ्या. तो कायमचं काही आवळत नाही, पण धावताना कातडी हिसकत नाही आणि घासत नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला व्यायामाआधी पेट्रोलियम जेली.

कोकणात-मुंबईत घडीतला घाम हा रोजचा प्रश्न. आंघोळीनंतर झोळी उचलून मऊ सुती कापडानं टिपा, घासू नका, मिनिटभर पंख्याखाली उभं राहा आणि मगच कपडे घाला. लाल होऊन खाज आली तर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी चिवट होऊन पसरते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि प्रत्येक वेळची तारखेसह चिठ्ठी आणि फोटो जपून ठेवा. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. थेट आरोग्याचा धोका टाळण्यासाठी ती गरजेची असल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित केलं तरच दावा पुढे सरकू शकतो, आणि तेव्हा या चिठ्ठ्याच हाताशी लागतात.