चालू हॉस्पिटलमधली जुनी बिल्डिंग: ब्लास्ट की मजला-मजला?
भिया, इंदूरच्या तुमच्या हॉस्पिटल कमिटीत जुनी बिल्डिंग कशी पाडायची यावरून दोन तट पडलेत म्हणून लिहितोय. ब्लास्टने काम सेकंदांत, नोएडाचे ट्विन टॉवर 28 ऑगस्ट 2022 ला साधारण 3,700 किलो स्फोटकांनी असेच झोपवले, पण आजूबाजूच्या सोसायट्या आधी रिकाम्या केल्या होत्या, इथे आयसीयू कोण रिकामं करणार? वर छोटे ब्रेकर (काँक्रीट फोडायची मशीन) चढवून मजला-मजला पाडायला महिने जातात, खटखटीने डोकं उठतं. तरी ऑपरेशन चालू असलं की मशीन थांबवता येतं. धूळ दोन्हीकडे, खरी भीती तिचीच: त्यातली अ‍ॅस्परजिलस बुरशी कॅन्सरच्या पेशंटच्या फुफ्फुसात घर करते, म्हणून पाण्याचा फवारा, सीलबंद खिडक्या, एसीचे फिल्टर यात कंजुषी नको. कॅम्पस रिकामा नि भोवती मोकळं मैदान असेल तर ब्लास्ट, वॉर्ड चालू असतील तर मजला-मजलाच.